डाव्या बाजूचीच रिम का घासते: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका बलेनोचं प्रकरण

ताईचा फोन आला तेव्हा मी गोकुळ शिरगावात शिफ्ट संपवून गेटमधून बाहेर पडत होतो. "अरे, परत घासलं बघ," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. काय घासलं ते विचारायची गरजच नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला दाजींनी हौसेनं नवीन अलॉय चाकं बसवलेली आणि जून लागायच्या आत डाव्या पुढच्या चाकाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झालेली, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. दाजींचं म्हणणं की टायर बदल, रिम प्रोटेक्टरवाले, म्हणजे रिम वाचवणारी रबरी कड असलेले घे, विषय संपला. ताईचं म्हणणं की मला गाडीच नीट लावता येत नाही. मला दोन्ही पटत नव्हतं, आणि ताई स्वतःला बोल लावून घेत होती ते तर अजिबात बघवत नव्हतं. ती बारा वर्षं गाडी चालवतीय, एकदाही कुणाला धक्का लावलेला नाही.

आधी गाडीचं सांगतो. बलेनोचं वरचं मॉडेल, कंपनीकडून १९५/५५ आर१६ टायर (रुंदी १९५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) आणि १६ इंची अलॉय. गेल्या पावसाळ्यात हायवेला एक खड्डा असा बसला की जुन्या चारपैकी एका रिमची आतली कड दबली आणि तिथून हवा उतरायला लागली. एक रिम आणायची तर डिझाईन जुळणारी लगेच मिळेना, मग दाजी म्हणाले चारही नवीनच घेऊया की. दुकानात गेले, डिझाईन आवडलं, पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांचं माप, ४ गुणिले १०० जुळतोय, साइज १६ च आहे, जुने टायर त्याच्यावरच चढतील, झालं. दुकानदारानं रिमची रुंदी सांगितली नाही आणि यांनी विचारली नाही. सगळं प्रकरण या एका न विचारलेल्या आकड्यावर उभं आहे, पण ते आम्हाला नंतर कळलं.

रविवारी सकाळी गेलो. ताईचा दवाखाना राजारामपुरीत, दाताचा. समोर पार्किंग नाही, गल्लीत डाव्या हाताला फुटपाथला लावूनच गाडी उभी करायची, रोज दोन वेळा, आणि संध्याकाळी तिथं इतकी गर्दी की मागं हॉर्न वाजवणारे थांबू देत नाहीत. मी आधी चारही चाकं नुसती बघितली. उजवी दोन्ही स्वच्छ. डावं पुढचं जवळजवळ पूर्ण गोलाईत घासलेलं. डावं मागचं साधारण पाव गोलाईत, पण खोल. खड्ड्यानं झालं असतं तर उजवीकडं पण काहीतरी दिसलं असतं, आणि खड्डा रिमची कड दाबतो, असं बाहेरच्या तोंडावर रंधा मारल्यासारखं करत नाही. म्हणजे फुटपाथच, यात शंका नाही.

पुढचं आणि मागचं चाक मात्र वेगवेगळ्या कारणानं घासलंय हे ताईनं एकदा गाडी लावून दाखवली तेव्हा कळलं. पुढचं घासतं ते गाडी फुटपाथला सरकवताना. स्टिअरिंग डावीकडं वळलेलं असतं त्यामुळं चाकाचा पुढचा खालचा भाग कडेला आधी भेटतो, आणि गाडी हळू का असेना पुढं जातच असते. या चाकाचा घेर साधारण १ मीटर ९५ सेंटिमीटर, म्हणजे कडेला टेकून गाडी एक मीटर पुढं गेली की अर्ध्या रिमला ओरखडा. ताईला वाटायचं मी रोज घासते, पण तेवढं सगळं दोन-तीन वेळातच झालेलं असू शकतं. मागचं घासतं ते गल्लीच्या कोपऱ्यावर. डावीकडं वळताना मागचं चाक पुढच्याच्या मार्गानं जात नाही, आतून कापून जातं, आणि कोपऱ्यावरची फुटपाथची गोलाई बरोबर तिथं असते. तिला म्हटलं, हे कोपऱ्यावरचं थोडं मोठा घेर घेऊन सुधारेल. पुढच्या चाकाचा दोष मात्र तुझा एकटीचा नाही, मला मापं घेऊ दे.

मी मशीन शॉपला क्वालिटीत आहे, डोळ्याच्या अंदाजावर विश्वास ठेवायची सवयच राहिली नाही. घरातून गुण्या, फूटभर स्टीलची पट्टी आणि वर्निअर घेऊनच गेलो होतो. आधी चारही चाकांची हवा बघितली, डाव्या पुढच्यात २४ पीएसआय निघाली, ती आधी दारावरच्या स्टिकरप्रमाणं भरून घेतली, कारण कमी हवेवर घेतलेलं माप खोटं. मग पट्टी उभी धरून टायरच्या फुगीर भागाला टेकवली, आणि पट्टीपासून रिमच्या कडेपर्यंत किती जागा राहते ते वर्निअरच्या मागच्या दांडीनं मोजलं. ३ मिलिमीटर. परत मोजलं, दुसऱ्या जागी मोजलं, ३, साडेतीन, ३. म्हणजे रबर रिमच्या बाहेर जेमतेम चार क्रेडिट कार्डांच्या जाडीएवढं, आणि टायरला कसलीही कड नाही, नुसती गुळगुळीत भिंत. दाजींना बोट फिरवून बघा म्हटलं. त्यांनी रिमवरून टायरवर बोट नेलं आणि म्हणाले, "च्यायला, हे तर सपाटच लागतंय."

मग वरच्या खोलीतून जुनी रिम काढली. तीन चांगल्या आणि एक दबलेली, प्लॅस्टिकमधे गुंडाळून ठेवलेल्या. मागच्या बाजूला ओतीव अक्षरं, १६ गुणिले ६ जे, म्हणजे १६ इंच व्यास आणि ६ इंच रुंदी. नवीन रिमच्या मागं बॅटरी लावून बघितलं तर १६ गुणिले ७ जे. दाजी म्हणाले एक इंचानं काय होतंय. सगळं त्या एका इंचानंच झालंय.

हे नीट समजून घ्या कारण टायर निवडताना लोक नेमकं इथंच चुकतात. टायरवर १९५ लिहिलंय ती रुंदी ठरावीक रिमवर मोजलेली असते. १९५/५५ आर१६ ची प्रमाण रिम ६ जे, तिच्यावर टायर फुगीर भागाला साधारण २०१ मिमी भरतो. रिम अर्ध्या इंचानं रुंद केली की टायर साधारण ५ मिमी रुंद होतो, म्हणजे ७ जे वर तोच टायर २११ च्या आसपास. आता रिम बघा. ६ जे म्हणजे आतल्या आत ६ इंच, १५२ मिमी, आणि दोन्ही कडांची जाडी धरून बाहेरून बाहेर साधारण १७८. ७ जे बाहेरून बाहेर २०३. जुन्या जोडीत रबर प्रत्येक बाजूला ११ मिमीच्या वर बाहेर होतं. नव्या जोडीत ४ मिमी, आणि आमचा टायर झिजलेला, चार वर्षं जुना, म्हणून प्रत्यक्षात ३. टायर दोन्ही बाजूंनी मिळून १० मिमीनं वाढला आणि रिम २५ नं वाढली, त्यामुळं रिम पुढं आली आणि रबर मागं राहिलं. १९५/५५ टायर साडेपाच ते ७ इंचाच्या रिमवर बसवायला परवानगी आहे, म्हणजे दुकानदारानं नियम मोडला असं नाही, पण तो शेवटच्या पायरीवर ताणून बसवला आणि गिऱ्हाईकाला त्याचा परिणाम सांगितला नाही. याचा मला राग आला, अजून आहे.

शिवाय नवीन रिमचं ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप, वेगळं, त्यामुळं आख्खं चाकच जुन्यापेक्षा बाहेर आलेलं. ताईला गाडीची रुंदी हातात बसलेली बारा वर्षांच्या सवयीनं, आणि तिला न सांगता चाक बाहेर सरकवलेलं. ती कशी काय चुकणार नाही?

उंचीचा पण हिशोब केला. या टायरचा व्यास ६२१ मिमी, गाडीच्या वजनानं दबल्यावर केंद्र जमिनीपासून साधारण २९५ वर. रिमची नाममात्र त्रिज्या २०३, वर कडेची साडेसतरा मिमी उंची, म्हणजे रिमची सगळ्यात खालची कड जमिनीपासून ७५ मिमीवर. फुटपाथची कड ७५ च्या आत असेल तर ती फक्त रबरालाच भिडणार. इंडियन रोड काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या सूचनेत कडेची उंची १५० मिमीच्या वर नको असं आहे, आणि ताईच्या दवाखान्यासमोर मी पट्टी लावली तर १७० भरली. म्हणजे रिमचा खालचा जवळजवळ १० सेंटिमीटर भाग दगडाच्या रेषेत. तिथं वाचवणार काय, तर रबर किती बाहेर आहे तेवढंच.

आता रिम प्रोटेक्टर. पुष्कळांना वाटतं ही काहीतरी वेगळी बसवायची वस्तू आहे. तसं नाही, टायर ओततानाच रिमच्या कडेच्या लगेच वर रबराची एक जाड बरगडी काढलेली असते. टायर आधीच फुगीर असताना ती कशाला, असा प्रश्न दाजींनी विचारला आणि तो बरोबर होता. फुगीर भाग टायरच्या भिंतीच्या मधोमध असतो, रिमपासून चार-पाच सेंटिमीटर लांब, आणि भिंत तिथं मऊ. दगडाची धार तिथं टेकली की भिंत आत दबते आणि धार सरकत थेट रिमवर येते. बरगडी रिमला लागून असते, मागं बीडचं, म्हणजे टायर रिमला पकडतो त्या कडेचं, घट्ट रबर असतं, ती दबत नाही, दगडाला बाहेर ढकलते आणि स्वतः घासून घेते. म्हणून बाहेर आलेलं माप आणि बरगडी दोन्ही लागतात. आमच्या ३ मिमीवर नुसती बरगडी लावून फार काही साधलं नसतं.

कंपन्या तिला वेगवेगळ्या नावानं लिहितात. कॉन्टिनेंटल एफआर लिहिते, ते जर्मन शब्दावरून, फेल्गे म्हणजे रिम आणि रिप्पे म्हणजे बरगडी. डनलॉपकडं एमएफएस दिसतं, गुडइयरकडं एफपी. साइजच्या पुढं ही अक्षरं नसली म्हणजे बरगडी नसणारच असं नाही, आणि एकाच मॉडेलच्या एका साइजला असते तर दुसरीला नसते, साधारण ५५ किंवा त्याहून बुटक्या टायरला जास्त दिसते. म्हणून कॅटलॉगवर जाऊ नका, दुकानात टायर हातात घ्या.

पर्याय घरी बसून ठरवले, चहा तीनदा झाला. माझं मत सरळ होतं, जुन्या ६ जे रिम बसवा, एक दबलेली बदला, वर बरगडीवाला १९५ घ्या, सगळ्यात जास्त संरक्षण आणि सगळ्यात कमी भानगड. पण चौथी रिम अजून मिळत नव्हती, आणि दबलेली उद्यमनगरात तापवून सरळ करून दे म्हणणारे भेटले त्याला मीच नाही म्हणालो. अलॉय रिम बहुतेक वेळा ॲल्युमिनियमात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घालून ओतलेली असते आणि ओतल्यावर टी-६ हीट ट्रीटमेंट करून तिला ताकद आणलेली असते. तिला गॅसच्या ज्योतीवर तापवलं की तिथली ती ताकद जाते, वरून दिसत काहीच नाही. वेल्डिंगची तर गोष्टच काढू नका, हायवेला ८० च्या वेगात ज्या गाडीत माझी भाची बसते तिला असली रिम मी लावू देणार नाही. हे शहर ओतकामावर जगतं, इथं पोराटोराला धातूतलं कळतं, तरी असली कामं चालतात याचं वाईट वाटतं.

दुसरा पर्याय १५ इंच. बलेनोच्या खालच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ येतो, व्यास ६२१ च, म्हणजे स्पीडोमीटरला काही फरक नाही, आणि रिमची खालची कड ७५ वरून ८८ मिमीवर जाते, भिंत १०७ ऐवजी १२० मिमी. फक्त गाडी वापरायची असेल तर हा फार शहाणा पर्याय, खड्ड्याला पण. पण त्याला परत चार रिम घ्यायच्या, आणि दाजींचा चेहरा बघून मी तो विषय वाढवला नाही. हौस ही पण माणसाची गरज असते. त्यांच्याच डोक्यात मधे १७ इंची आणि ४५ ची सिरीज पण होती, त्यावर मात्र ताईनंच पाणी ओतलं, कारण त्यात रिमची कड ६२ मिमीपर्यंत खाली येते. चिकटवायची रबरी पट्टी पण दाजींनी आधीच ऑनलाइन मागवून लावलेली, ती वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्यानं दुसऱ्याच धुण्याला अर्धी सुटून लोंबायला लागली होती.

राहिलं ते सध्याच्याच ७ जे रिमवर २०५/५५ आर१६. हा टायर साडेपाच ते साडेसात इंच रिमला चालतो, म्हणजे ७ जे त्याच्या मधल्या पट्ट्यात येते. प्रमाण रिम साडेसहा जे, तिच्यावर २१४ मिमी, ७ जे वर २१९. रिम २०३ ची, म्हणजे प्रत्येक बाजूला ८ मिमी रबर बाहेर, वर बरगडी वेगळी. तोटे पण लिहून काढले. व्यास ६३२ होतो, जवळजवळ १.८ टक्के मोठा, म्हणजे टायर बदलल्यामुळं काट्याच्या ८० ला गाडी आधीपेक्षा दीड किलोमीटर जास्त वेगात असणार. मायलेज थोडं उतरणार. आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा गाडी भरलेली असताना टायर मडगार्डच्या आत घासतोय का हे बघावं लागणार, कारण आपण आधीच ऑफसेट बदललेलं आहे. लोड इंडेक्स मात्र वाढतो, १९५/५५ चा ८७ म्हणजे टायरमागं ५४५ किलो, २०५/५५ चा ९१ म्हणजे ६१५. तो कंपनीच्या आकड्याच्या खाली कधीच जाता कामा नये, वर चालतो.

मग शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि हायवेकडची दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात "रिम गार्ड आहे की साहेब" म्हणून जो टायर दिला त्याला रिमजवळ एक नक्षीची रेघ होती, अर्धा मिलिमीटर उठलेली, ती दिसायला बरगडीसारखी, कामाची शून्य. दुसरीकडं खरी बरगडी होती, नख अडकत होतं, वर्निअरवर चार मिमी उठलेली. पण टायर कधीचा बनलाय बघितलं तर टायरच्या भिंतीवरच्या डॉट या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे दोन वर्षांपूर्वीचे. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष, एवढं बघायला पाच सेकंद लागतात आणि कुणी बघत नाही. तिसऱ्या दुकानातले मामा वयस्कर, त्यांनी काही न बोलता तीन टायर जमिनीवर आडवे टाकले आणि म्हणाले, "बोट फिरवून बघा, जीभ मागं आणि बोट पुढं." मला ते वाक्य फार आवडलं. त्यातल्या दोघांना चांगली बरगडी होती, एकाची जरा जास्त जाड, पण तो टायर किफायतशीर मायलेजवाला, ओल्या रस्त्यावरच्या पकडीत मामांच्या अनुभवानं मागं. दुसऱ्याची बरगडी साडेतीन मिमी, पकड चांगली, किंमत टायरमागं सातशे रुपये जास्त. ताईनं विचारलं पावसात कुठला थांबतो, मामा म्हणाले दुसरा, आणि तिनं तोच घेतला. मला पण तेच हवं होतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर रस्ते सुकतच नाहीत, रिम वाचवायच्या नादात ब्रेकचं अंतर वाढवून घेणं म्हणजे उलटा व्यवहार.

टायर चढवायच्या आधी घासलेल्या दोन रिमचं काम केलं. यांचं तोंड डायमंड कट, म्हणजे लेथवर कापून चकचकीत केलेलं आणि वर पारदर्शक लाखेचा थर. तो थर एकदा फुटला की पाणी आत शिरतं आणि लाखेखाली पांढऱ्या बारीक अळ्यांसारख्या रेषा पसरत जातात, डाव्या पुढच्याला त्या सुरू झाल्या होत्या. परत कापून घेता येतं पण प्रत्येक वेळी धातू कमी होतो, म्हणून वारंवार करायचं काम नाही ते. आम्ही कड हातानं फाइल आणि पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून घेतली, कुठं चीर नाही ना हे बघून घेतलं, आणि रंग मारून घेतला. पावडर कोटिंग करणार असाल तर भट्टी किती तापमानाला आणि किती वेळ हे विचाराच, जास्त भाजलं तर टी-६ ची ताकद परत उतरते. जो सांगू शकत नाही त्याच्याकडं रिम सोडू नका.

बसवल्यावर मामांच्या दुकानासमोरच परत पट्टी लावली. साडेआठ मिमी, आणि बरगडीपाशी रिम बोटाला लागतच नव्हती, बोट रबरावरून घसरून जात होतं. दाजी उकिडवे बसून दोन मिनिटं नुसतं बोट फिरवत राहिले. मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि संध्याकाळी सगळे पाच जण गाडीत घालून पन्हाळ्याला. घाटातल्या वळणांवर स्टिअरिंग पूर्ण तोडून, स्पीडब्रेकरवरून तिरकी घालून बघितली. उतरताना एका वळणावर मागून खर्र असा आवाज आला. खाली उतरून बॅटरी मारली तर डाव्या मागच्या मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरचा एक क्लिप निघून तो खाली आलेला, टायरचा दोष नव्हता, पण टायर मोठा नसता तर कदाचित लागला नसता. क्लिप नवीन बसवला, त्यानंतर आवाज नाही.

ताईला एवढंच सांगितलं की डावा आरसा गाडी लावताना खाली कर, मागचं चाक आणि फुटपाथची कड दोन्ही एकदम दिसली पाहिजेत, आणि हवा दर पंधरा दिवसांनी बघ. हवा कमी असली की रिम जमिनीजवळ येते आणि भिंत लगेच दबते, मग बरगडीचा आधार राहत नाही. आणि टायरच्या भिंतीला कधी फुगा दिसला तर मला फोनसुद्धा करू नको, आधी स्टेपनी लाव, कारण आतले धागे तुटलेले असतात आणि त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही. बरगडी हळू घासण्याला वाचवते, ४० च्या वेगात फुटपाथवर चढलेल्या चाकाला किंवा खड्ड्याला ती काही करत नाही.

विमा कंपनीला पण कळवून ठेवलं. बाहेरून बसवलेल्या अलॉय पॉलिसीत नोंदवलेल्या नसतील तर उद्या अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि नुसते टायर खराब झाले, गाडीला काही झालं नाही, तर साध्या पॉलिसीत ते धरतच नाहीत. दाजींनी हे ऐकून दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नोंद करून आणली.

चार महिन्यांनी, गणपतीच्या आदल्या रात्री परत फोन. "घासलं रे." या वेळी आवाज वेगळा होता, घाबरलेला नव्हता. गेलो, बॅटरी मारली. डाव्या पुढच्या टायरच्या बरगडीवर हातभर लांब पट्टा, काळं रबर करडं पडलेलं, दगडाची पांढरी पूड त्यात भरलेली. अंगठ्यानं पुसली. खाली रिमचा रंग जसा मारला होता तसाच. वर्निअर लावला, साडेतीनची बरगडी त्या जागी अडीच राहिली होती, धागे कुठं दिसत नव्हते. डाव्या मागच्याला मात्र कोपऱ्यावरचा एक टवका गेलाच होता, नखाएवढा, रिमलाच. तिथली फुटपाथची गोलाई वाहनांच्या धक्क्यानं फुटून तिची एक धार वर आलीय, ती टायरच्या फुगीर भागाच्याही वरून थेट रिमला भिडते. ताई म्हणाली, मी आता त्या कोपऱ्यानं वळतच नाही, पुढच्या गल्लीतून येते.

दाजी तोवर माझ्या मागं उभे होते, त्यांनी माझ्या हातातला वर्निअर घेतला आणि स्वतः त्या पट्ट्यावर तीन जागी माप घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहून ठेवलं. दिवाळीत चाकं मागं-पुढं करायची आहेत, तेव्हा परत मोजायचं ठरलंय.